भिरंड (कोकम) की हळद?
परसात भिरंड लावावी का, यावर कुणी म्हणतं, ‘भिरंडीखाली काही उगवत नाही, त्यापेक्षा हळद लावा’. हे निम्मंच पटलं. हळदीला कोवळी सावली चालते. गोव्यात डिचोलीच्या आमच्या परसात ती भिरंडीच्या कडेलाच कमरेएवढी होते, श्रावणात पातोळ्यांना (हळदीच्या पानात उकडलेला गोड पदार्थ) पानं तिथलीच. (तो वास बाजारच्या पानांना नाही!) पण पौषापर्यंत पानं वाळून जमीन उघडी पडते. मग एप्रिलच्या उन्हात सावली कोण देणार? भिरंड बारमाही हिरवी.

फक्त ती बियांपासून लावू नका. नर-मादी झाडं वेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे ७-८ वर्षं, पत्ता लागत नाही. आमची नर निघाली. सावली घनदाट, पण फळ नाही, सोलं (आमसुलं) मात्र शेजारच्या वहिनींकडून. मादी झाडाचं कलमच आणा.