टब आला, मोबाईल गेला

आमच्या घरच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ' याच्या पुढं गाडी सहसा जात नाही. रविवारी गेली. दादाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे पैठण गेटला. तो म्हणाला, हे ग्रुपवरचं बोलणं जपून ठेव, कोणाच्या तरी कामाला येईल. इथं टाकायचं का ते आत्याला विचारलंय. 'शुद्धलेखन तेवढं नीट कर' म्हणाली, ते केलंय.

आत्या लातूर: हा निळा टब बघा. फुकटात! भोंगा लावलेला गाडीवाला आलता, 'जुना मोबाईल द्या, टब घ्या' म्हणत. माझा फुटक्या काचेचा देऊन टाकला.

काकू जिंतूर: लई मोठा दिसायलाय. आमच्याकडचा तर नुसते चमचे देतो.

दादा पैठणगेट: आत्या, फोन चालू होत होता का?

आत्या लातूर: चार्जिंगला लावला की लागायचा. काच तेवढी गेलती.

दादा पैठणगेट: सिम काढलं?

आत्या लातूर: काढलं की. एवढी काय येडी हाय का मी.

दादा पैठणगेट: आणि मेमरी कार्ड?

आत्या लातूर: ते कुठं असतंय?

मी: झालं.

दादा पैठणगेट: आत्या, घाबरू नको, पण ऐक. गाडीवाला सगळेच फोन भंगारात घालत नाही. काहींचे सुटे पार्ट निघतात, ते ठीक. पण २०२४ मध्ये तेलंगणात रामगुंडमच्या पोलिसांनी बिहारच्या तिघांना पकडलं, त्यांच्याकडं जवळपास ४ हजार जुने फोन होते. असेच गल्लोगल्ली फिरून घेतलेले. ते पुढं ऑनलाइन फसवणूक करणाऱ्यांकडं जायचे. प्रत्येक फोनला १५ आकड्यांचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक असतो. उद्या त्या फोनवरून कोणाला गंडा घातला, तर आधी त्यात कोणाचं सिम चालायचं हे पोलीस बघणारच.

आत्या लातूर: अगं बाई. आता काय करू?

अण्णा जिंतूर: चोरीला गेला म्हणून तक्रार देऊन टाक. बंद करतेत ते.

दादा पैठणगेट: नाही अण्णा. सीईआयआर या सरकारी पोर्टलवर बंद करता येतो, पण तो हरवलेल्या नाहीतर चोरीच्या फोनसाठी. हिनं हातानं दिलाय, खोटी तक्रार अंगावर येईल. आत्या, नव्या फोनमध्ये गूगल खात्यात जा, 'सिक्युरिटी'त तुझ्या उपकरणांची यादी आहे, त्यातून जुना काढून टाक. पासवर्ड बदल. आणि जुन्या फोनचा डबा असेल तर त्यावरचा आयएमईआय आजच्या तारखेसकट वहीत लिहून ठेव.

आत्या लातूर: डब्यात सुया-दोरे हायेत. बघते.

(इथं अर्धा तास शांतता. मध्ये काकूंनी गुलाब टाकला.)

अण्णा जिंतूर: फोनचा विषय निघालाच हाय तर विचारतो. पिंट्यासाठी एक आयफोन बघायलोय. स्टँडजवळचा एक पोरगा ९ हजाराला द्यायलाय. डबा हाय, बिल नाही.

पिंट्या: अण्णा, मी ग्रुपवर विचारू नका म्हणलं होतं.

दादा पैठणगेट: बिल नाही? अण्णा, त्या फोनवर *#०६# दाबा. जो आकडा येईल तो डब्यावरच्या आकड्याशी जुळवा. मग मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तोच आकडा, आणि १४४२२ वर पाठवा. कंपनी, मॉडेल सगळं येतं. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर हात लावायचा नाही.

अण्णा जिंतूर: पोरगा इथंच चहाला बसलाय. थांब.

अण्णा जिंतूर: डब्यावरचा शेवट ४१. फोनवरचा ०७. डबा बदलला असंल म्हणायलाय.

दादा पैठणगेट: मग फोन पण बदललेलाच समजा. त्याला म्हणा सेटिंगमध्ये जाऊन आयक्लाउडमधून, म्हणजे आयफोनच्या खात्यातून बाहेर पड, तुमच्यासमोर.

अण्णा जिंतूर: पासवर्ड मित्राकडं हाय म्हणतो.

मी: अण्णा, उठा तिथून. माझ्या मित्रानं असाच घेतला होता, बिनबिलाचा. चार महिने मजेत वापरला. एक दिवस नांदेडहून पोलिसांचा फोन, 'आणून जमा करा'. मूळ मालकानं चोरीची तक्रार देऊन ठेवलेली. त्यात ह्याचं सिम चालतंय हे तिकडं कळलं. फोन गेला, पैसे गेले, आणि कुणाकडून घेतला ते सांगायला चकरा वेगळ्या.

दादा पैठणगेट: आणि आयएमईआयच बदललेला निघाला तर अजून अवघड. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड आहे. माझ्याकडं बिल आणि आधारची झेरॉक्स दिल्याशिवाय मी जुना फोन घेत नाही. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून शेजारच्याकडं जातं. जाऊ दे.

पिंट्या: मग मला काय?

दादा पैठणगेट: तू सुट्टीत ये इकडं. बिलाचा अँड्रॉइड बघून देतो. आयफोनच पाहिजे असेल तर बॅटरी हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली नको, आणि सेटिंगमध्ये 'अबाउट'मध्ये स्क्रीन, बॅटरी बदललीय का ते बऱ्याच मॉडेलमध्ये दिसतं. ९ हजारात नाही बसणार पण.

काकू जिंतूर: त्याला फोनच नको. बारावी हाय.

पिंट्या: म्हणूनच म्हणलं होतं ग्रुपवर नको.

अण्णा जिंतूर: पोरगा गेला उठून. चहाचे पैसे मलाच.

आत्या लातूर: डबा सापडला. नंबर लिहिला वहीत. गूगलचं जावई आल्यावर करते. बाळा, तो गाडीवाला मंगळवारी परत येतो, टब देऊन फोन मागून घेऊ का?

दादा पैठणगेट: फोन असेल अजून त्याच्याकडं तर बघ विचारून. पण टब वापरला नाहीस ना?

आत्या लातूर: कुरडयाचे गहू भिजत घातलेत त्यात. बुधवारपर्यंत हलवता येत नाही.