कापडावर जादू करणारा क्लास: तुमच्या टेबलावर काय घडलं ते लिहा

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण गेली चार वर्षं पुण्यात दर शनिवारी रात्री डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ खेळतो, डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा बहुतेक वेळा मीच असतो. ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की प्रत्येकजण एक पात्र घेतो, त्या पात्राचा एक क्लास असतो म्हणजे त्याची विद्या, आणि तो काय करू शकतो काय नाही हे त्या क्लासच्या नियमांवर ठरतं, बाकी वीस बाजूंचा फासा आणि आपली गोष्ट.

मागच्या पावसाळ्यात आमच्यातली एकजण म्हणाली, मला आग नको, वीज नको, मला कापडावर हुकूम चालणारी बाई व्हायचंय. तिची आई ब्लाऊज शिवते, ही मशिनखालच्या कातरणांत खेळत मोठी झालेली. खेळाच्या 2014 च्या मूळ नियमपुस्तकातल्या बारा क्लासमध्ये असं काही नाही, मग घरीच क्लास बनवायला घेतला. पहिल्या खेपेला मी तिला सगळंच देऊन टाकलं, साठ फुटांच्या आत असलेलं कुठलंही कापड तिचं ऐकणार. पहिल्याच सेशनला दरोडेखोरांच्या सरदाराचा फेटा त्याच्याच गळ्याभोवती आवळला गेला आणि टेबलावर टाळ्या पडल्या. दुसऱ्या सेशनला परत तेच. तिसऱ्या सेशनला लढाई सुरू झाली की सगळे तिच्याकडेच बघायला लागले आणि बाकीच्या तिघांना काही कामच उरेना, कारण कपडे तर सगळेच घालतात ना, राजा असो की भूत.

मग मी ताण्याबाण्यावर आलो, ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे आणि बाणा म्हणजे त्यांतून जाणारे आडवे. सकाळी उठल्यावर तिने तीन ताणे लावायचे, म्हणजे आज कापड बांधणार, झाकणार की उचलणार ते ठरवायचं, आणि दिवसभर त्याच ताण्यांवर वेगवेगळा बाणा टाकायचा. दिवसाच्या मध्यात बाणा बदलेल, ताणा बदलणार नाही. यानं बरंच जमलं. पण अंगावरच्या कपड्यांचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहिलाय. तुमच्यापैकी कुणी असा क्लास बनवला असेल, खेळला असेल, अर्धवट सोडला असेल, सविस्तर लिहा. आकडे लिहिलेत तरी चालेल, पण टेबलावर काय झालं ते मला जास्त हवंय.

---

इचलकरंजीहून लिहितोय. आमच्या घरात तीन पिढ्या माग आहेत, आधी हातमाग, मग यंत्रमाग. ताणा बदलत नाही हे तुम्ही अगदी बरोबर पकडलंय. ताणा गुंडाळलेलं बीम मागावर चढलं, वहीफणी झाली, म्हणजे एकेक धागा वही आणि फणी या मागाच्या भागांतून ओवून झाला की मग मन बदलायला जागा नसते, हजारो धागे असतात ते. पण एक गोष्ट राहिली तुमची, धागा तुटतो. रोज तुटतो. मग माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, परत चालू. माझे आजोबा बोटाला थुंकी लावून अशी गाठ मारायचे की डोळ्याला दिसायची नाही, कापडावरून अंगठा फिरवला तरच लागायची, आणि त्यांना स्वतःला ती कुठे आहे हे पूर्ण तागाभर पाठ असायचं.

तेच मी माझ्या विणकर क्लासला दिलं. नेहमीच्या नियमात मार बसला की कॉन्सन्ट्रेशनसाठी, म्हणजे चालू स्पेल (मंत्र) टिकवायला, फासा टाकायचा, दहा किंवा झालेल्या इजेच्या निम्मं यातलं जे जास्त असेल तेवढं यायला पाहिजे, नाही आलं तर स्पेल गेला. माझ्याकडे स्पेल जात नाही, धागा तुटतो. पुढच्या पाळीला बोनस ॲक्शन म्हणजे पाळीतली जादा छोटी कृती खर्च करून गाठ मारता येते आणि जादू परत चालू होते, फक्त त्या कापडात एक गाठ राहते आणि दर गाठीमागे पुढच्या फाशातून एक वजा. तीन गाठी झाल्या की ते कापड सोडून द्यायचं. आमच्या टेबलावर लोक आता "माझ्या दोन गाठी झाल्यात, सांभाळ" असं एकमेकांना ओरडून सांगतात. आजोबा हे ऐकायला हवे होते असं फार वाटतं.

---

मी आकड्यांचा माणूस, थोडक्यात लिहितो. सेव्ह, म्हणजे जादूतून वाचायला समोरच्याने फाशावर गाठायचा आकडा, नेहमीसारखा आठ अधिक प्रोफिशियन्सी (सरावाचे गुण) अधिक मॉडिफायर (अंगच्या गुणाची भर) ठेवा, मॉडिफायर विझ्डमचा म्हणजे शहाणपणाचा घ्या. डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई देऊ नका, त्यावर आधीच चिलखत आणि पहिली पाळी ठरते, सगळं एकाच आकड्यात गोळा होतं. मूळ नियमांत विणकराची अवजारं आहेतच, ती पहिल्या लेव्हलला म्हणजे पात्राच्या पहिल्या पायरीला फुकट द्या. फाटलेलं सांधणारा जो छोटा स्पेल आहे त्याला एक मिनिट लागतं आणि एक फुटापेक्षा मोठी फाट चालत नाही, तुमच्या विणकराला ती एका ॲक्शनमध्ये आणि तीन फुटांपर्यंत करू द्या, खेळाडू खूश होतो आणि काही बिघडत नाही.

आणि कृपा करून कापड म्हणजे कमजोर असं धरू नका. ॲझ्टेक योद्धे कापूस भरलेले शिवलेले अंगरखे घालून लढायचे आणि तिथे गेलेल्या बऱ्याच स्पॅनिश लोकांनी स्वतःची लोखंडी चिलखतं बाजूला ठेवून तेच घातले. प्राचीन ग्रीकांकडे लिननच्या म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडाचे थर एकावर एक लावलेलं चिलखत होतं. माझ्या विणकराचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला मार लागायला शत्रूला फाशावर लागणारा आकडा, थरांवर आहे, सुरुवात अकरापासून, दर थराला एक वाढतो, जास्तीत जास्त पाच थर. आगीने मात्र एकेक थर जळतो.

---

अंगावरच्या कपड्यांबद्दल मला लिहायचंच आहे. मी नागपूरची, कॉलेजात असताना आमचा सात जणांचा ग्रुप होता, मी एकटी मुलगी. एकाने असाच कापडाचा क्लास आणला आणि पहिल्या सेशनला सराईत शिरल्याशिरल्या म्हणाला की वाढणाऱ्या बाईची साडी सुटते का बघतो, फासा टाकतो. दोघंतिघं हसले. मी पुस्तक मिटलं आणि उठून गेले. डीएम मागून जिन्यापर्यंत आला, त्याला खरंच वाईट वाटलं होतं, पण त्याच्याकडे नियम नव्हता, क्लासमध्ये लिहिलेलंच होतं की कुठलंही कापड ऐकेल.

दोन आठवड्यांनी मीच नियम लिहून नेला. एकच ओळ होती. कापड ज्याच्या अंगावर आहे त्याची बाजू घेतं. द्रौपदीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, तिथे ओढणारा दमला पण वस्त्र काही संपलं नाही. तेच. विणकराला दुसऱ्याच्या अंगावरचं कापड काढता येत नाही, आवळता येत नाही, फाडता येत नाही, अंगावरच्याने स्वतः होकार दिला तर मात्र ते कापड दुप्पट ताकदीने त्याचं रक्षण करतं. पडदे, तंबू, चादरी, पताका, झेंडे, दोरीवर वाळत घातलेलं, हे सगळं मोकळं. त्यामुळे क्लास कमजोर होईल असं सगळ्यांना वाटलेलं. झालं उलटंच, लढाईच्या आधी पार्टीतला प्रत्येकजण विणकराकडे येऊन आपला झगा पुढे करायला लागला. तो मुलगा नंतर दोन वर्षं तोच क्लास खेळला आणि छान खेळला.

---

धागाकर्ता: वरच्या ताई, तुमची ती एक ओळ मी वहीत उतरवून घेतली. मी तीन महिने वजन, अंतर, सेव्ह असं काय काय करून बघत होतो, आणि फेट्याने गळा आवळण्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पण होतो. या शनिवारपासून हाच नियम. गाठीचा नियमही घेतोय.

---

मी नाशिकची. मुलीसाठी आणि तिच्या चार मैत्रिणींसाठी घरी खेळ घेते, वय दहा-अकरा, फक्त सहा बाजूंचे फासे, नियम अगदी सोपे. आमचा क्लास गोधडीवाली. माझ्या आजीची गोधडी अजून घरात आहे, ती कडेने सुरू करून आत आत धावदोरा घालत जायची आणि प्रत्येक तुकडा कुणाचा ते सांगायची, हे तुझ्या आजोबांचं धोतर, हा मावशीचा परकर. तसंच केलं. गोधडीवालीने ज्याला भेटलं त्याच्या कपड्याचा एक तुकडा मागून घ्यायचा आणि गोधडीत जोडायचा, आणि गरज पडली की त्या माणसाचं एक कसब एकदा वापरायचं, पण मग तुकडा उसवून टाकायचा.

सहाव्या खेळाला त्यांच्यातला म्हातारा होडीवाला वारला. त्याच्या लुंगीचा निळा तुकडा गोधडीत होता. पुढे नदी आली, पूर आलेला, होडी चालवायला होडीवाल्याचं कसब पाहिजे होतं आणि पाचही मुलींनी तो तुकडा उसवायला साफ नकार दिला. पाऊण तास त्या दुसरा रस्ता शोधत बसल्या. शेवटी माझी मुलगी म्हणाली, आई, आजीची गोधडी फाटली की तू तुकडा काढत नाहीस ना, खालून नवीन कापड लावतेस. मग नियम बदलला. तुकडा वापरला की विरतो, आणि परत वापरायचा तर आपल्या स्वतःच्या अंगावरच्या कपड्याचं अस्तर त्याला लावायचं. त्या दिवशी प्रत्येकीने कागदावर आपल्या फ्रॉकचा एक तुकडा रंगवून चिकटवला आणि नदी पार केली.

---

रत्नागिरी. आमच्याकडे गाडी अडली ती शिडावर. समुद्रावरचं कॅम्पेन, खेळाडूने शांतपणे विचारलं, शीड कापडच ना? आता पूर्ण गलबताचं शीड हातात आलं म्हणजे सगळी लढाईच संपली. नाही म्हणायला तोंड नव्हतं, कारण शीड कापडच. मग माप ठरवलं, एका लेव्हलला एक वार. आपल्याकडे कापड वारावरच मोजतात, एक वार म्हणजे तीन फूट. पहिल्या लेव्हलला हातरुमाल, पंचा, पाचव्या-सहाव्याला साडी, आणि नवव्या लेव्हलला अख्खी नऊवारी! ती लेव्हल आली त्या दिवशी खेळाडूने आईचं जुनं लुगडं घरून आणून टेबलावर पसरून दाखवलं की बघा एवढं कापड माझ्या हातात आहे, आणि खरंच ते टेबलावरून दोन्ही बाजूंनी खाली लोळत होतं, आम्हाला सगळ्यांनाच त्या आकड्याचा अर्थ त्या दिवशी कळला. शिडाचं म्हणाल तर सातव्या लेव्हलला त्याने फक्त खालच्या कोपऱ्याचं सात वार कापड धरलं आणि ऐन वळणावर सोडलं. वाऱ्याने बाकीचं काम केलं.

---

मी सध्या लीड्सला असते, मूळची मालेगावची, दोन्हीकडे कापड विणण्याचा इतिहास त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा. नावाबद्दल सांगते. इथल्या टेबलावर दोन मराठी, बाकी इंग्लिश आणि पोलिश. क्लासला आपलं नाव द्यायचं म्हणून आमच्यातल्या एकाने कोष्टी सुचवलं, साळी सुचवलं, ऐकायला छान वाटतात. मी थांबवलं. ही जातींची नावं आहेत, लोकांची आडनावं आहेत, आणि आमच्या गावात मागावर बसणारे बहुतेक मोमीन, म्हणजे मुसलमान विणकर. एखाद्याचं कसब त्याच्या जन्माशी बांधून ठेवणं हे खेळात तरी आपण परत करू नये असं मला मनापासून वाटतं. विणकर ठेवलं. कुणीही शिकावं, कुणीही व्हावं. पोलिश मैत्रीण हा शब्द आता इतका स्वच्छ म्हणते की बास.

---

येवला. घरात पैठणीचा माग आहे म्हणून एक तक्रार करतो आणि मग आम्ही काय केलं ते सांगतो. असल्या प्रत्येक क्लासमध्ये कापड चुटकीसरशी तयार होतं. हात फिरवला की शाल, हात फिरवला की पूल. आमच्याकडे पदरावर प्रत्येक रंगाची कांडी वेगळी चालते, मोराच्या मानेला एक, पंखाला दुसरी, आणि शेजारशेजारचे रंग एकमेकांत अडकवत पुढे जायचं, म्हणूनच अस्सल पैठणी मागून बघितली तरी पुढच्यासारखीच दिसते, मागे लोंबते धागे नसतात. भरगच्च पदर असला तर महिने जातात. तो वेळ काढून टाकला तर त्यात उरतं काय?

म्हणून आमच्या विणकराला तिसऱ्या लेव्हलला पदर नावाची वाट मिळते. मोहिमेच्या मधल्या रिकाम्या दिवसांत, सात दिवसांना एक नक्षी. मोर विणला तर तो पुढे कधीतरी एकदा जिवंत होऊन उडेल, असावली विणली तर वेलीसारखी वर चढेल, राघू विणला तर ऐकलेलं बोलून दाखवेल. घाई केली, पाच दिवसांत उरकलं, तर नक्षी चालते पण मागून धागे लोंबतात आणि शत्रूला ते धागे धरून तिची जादू ओढून घेता येते. आमच्या खेळाडूने एकदा बाकी सगळे गावात मजा करत असताना एकवीस दिवस विणण्यात घालवले, दर सेशनला नुसतं "मी विणते" एवढंच म्हणायची. बाराव्या सेशनला पूल तुटला, चौघं खाली दरीत जाणार, आणि तिने पदर सोडला. तीन मोर निघाले. कुणी बोललंच नाही थोडा वेळ, मी डीएम असून मला पुढचं वर्णन सुचेना, मग मी घरातल्या मागावरचा खरा पदर आणून समोर ठेवला आणि म्हटलं, हे असे होते.

---

धागाकर्ता: शनिवारचं सांगतो. आमच्या विणकर बाईने नवीन नियमाने पहिल्यांदा खेळ केला. लढाईच्या आधी आमचा पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा, जो तिच्या फेटेप्रकरणानंतर जरा नाराज असायचा, तिच्यासमोर आपला फाटका झगा घेऊन बसला आणि म्हणाला, हा घे, माझ्या बाजूने सांग त्याला. तिने दोन गाठी मारून तो शेवटपर्यंत टिकवला.

पुढचं सेशन मुसळधार पावसात आहे. ओलं कापड जड होतं, अंगाला चिकटतं, पिळलं तर दोरखंडासारखं घट्ट होतं. कुणी ओल्या कापडाचा नियम केला असेल तर शुक्रवारच्या आत लिहा प्लीज.