आउटलाइन पेंटरची, रंग पोरांचे. याला सहभाग म्हणायचं का?

गिरणाकाठचा
आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोरच्या लांबलचक भिंतीवर चित्र काढायचं ठरलंय. नववी-दहावीची पोरं आणि गावातलेच दोन पेंटर मिळून काढणार. इथपर्यंत सगळ्यांना मान्य.

पहिल्या बैठकीत पोरांना विचारलं, काय काढू या? त्यांनी भराभर सांगितलं. कापूस भरून एका बाजूला कललेला ट्रक. सुरतच्या गाडीत खिडकीतून बॅगा कोंबणारी माणसं. गिरणेच्या पात्रात उभा वाळूचा ट्रॅक्टर. गुलाबाईची, म्हणजे आपल्याकडच्या भोंडल्याची, गाणी म्हणणाऱ्या पोरी, त्यातली एक मोबाईलवर शूटिंग करतेय. मी तिथेच होतो. इतकं ताजं काही या गावात बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या बैठकीत मोठ्यांनी कागद पुढे केला: डावीकडे बहिणाबाई, उजवीकडे शिरीषकुमार, मध्ये वारली नाच, खाली स्वच्छतेची घोषणा. पेंटर आउटलाइन मारणार, पोरं आत रंग भरणार.

माझं स्पष्ट मत: हा सहभाग नाही, ही बिनपगारी मजुरी आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात पोलिसांच्या गोळीला शिरीषकुमार छाती देऊन उभा राहिला तेव्हा तो १५ वर्षांचा होता. त्याचं चित्र काढायला त्याच वयाची पोरं लावायची, आणि भिंतीवर काय असावं हे मात्र त्यांना ठरवू द्यायचं नाही?

वारलीबद्दल तर बोलायलाच नको. पालघर-डहाणूकडची सुंदर कला, पण आता पुण्याच्या पुलाखाली वारली, रेल्वे स्टेशनवर वारली, हॉटेलच्या मुतारीबाहेर वारली. खान्देशाला स्वतःचं काही दिसत नाही का?

ब्रश-बादली
त्या दोन पेंटरांपैकी एक मीच, म्हणून बोलतो.

फ्लेक्स आलं आणि पाट्यांचं काम गेलं. उरलं काय, तर ट्रॉलीवरचं नाव आणि शाळेच्या भिंतीवरचे सुविचार. मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी सुरुवातीला ब्रश हातात दिलाच नाही. आधी पत्रा घास, मग प्रायमर मार, मग त्यांनी काढलेल्या अक्षरात रंग भर. रंग काठाच्या बाहेर गेला की डोक्यात टपली. हात असाच बसतो. आत रंग भरणं कमीपणाचं आहे, हे ज्यानं कधी भरला नाही तोच म्हणतो.

आता भिंत. पोरं वहीत वीतभर चित्र काढतात. ते आठ फुटांवर न्यायचं तर चौकटी आखाव्या लागतात, दोरीला खडू लावून लाईन मारावी लागते. नाहीतर कपाळ छपरावर आणि हनुवटी गटारात. जवळ उभं राहिलं की आपण डोळा काढतोय की कान, हेही कळत नाही. दर दहा मिनिटांनी रस्ता ओलांडून पलीकडून बघून यायचं, आणि स्टँडवरून गाड्या सुटतायत.

शिवाय भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. स्वस्तातला लाल आणि पिवळा एका उन्हाळ्यात पांढरट पडतो. गेरू आणि पिवडी टिकतात, कारण मुळात ती मातीच आहे. खालच्या दोन फुटांना लोणा लागलाय, म्हणजे ओलीनं खार वर आलाय. तिथलं प्लास्टर खरवडून काढल्याशिवाय कितीही भारी एक्स्टिरिअर इमल्शन मारा, पावसाळ्यानंतर पोपडे धरणार. हे सगळं पोरांनी बैठकीत ठरवायचं का?

गिरणाकाठचा
@ब्रश-बादली, दादा, यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. प्रायमर, लोणा, रंग, सगळं तुमच्याकडून शिकू दे की. पण चौकटींचा मुद्दा तुम्ही चुकीच्या बाजूला ठेवलात. चौकटी असतातच कशाला? वहीतलं चित्र भिंतीवर न्यायला. मग ती वही एखाद्या पोरीची का असू नये? हात तुमचा असू द्या, विषय त्यांचा.

दोन नंबर प्लॅटफॉर्म
भुसावळहून. शिकाऊ हातांनी उस्तादाच्या देखरेखीखाली काम करणं आपल्या भागाला नवीन नाही. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकाबरोबर अजिंठ्याला येऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते. ते काम १८८५ पर्यंत चाललं. म्हणजे शुद्ध नक्कल, स्वतःचं काही नाही! पण त्यातूनच पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार तयार झाला. पोरांना व्यक्त होऊ द्या वगैरे ठीक, आधी हात तर तयार होऊ द्या.

सातपुड्याचा वारा
आणि त्या नकलांना आज कोणाचं नाव लागतं? ग्रिफिथ्सचं. राबणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एक-दोन सोडले तर कोण आठवतो? उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते गिरणाकाठच्याच्या बाजूनं साक्ष देतंय. तसंही ते कलाशाळेचे विद्यार्थी होते, चित्रकार व्हायलाच आलेले. ही पोरं उद्या आयटीआयला जातील, नर्सिंगला जातील, कोणी वडिलांच्या शेतात. त्यांचा हात तयार करणं हा या भिंतीचा उद्देशच नाही. त्यांनी गावाबद्दल काहीतरी म्हणावं, एवढाच आहे.

दहावीची आई
माझा मुलगा यात आहे. उद्देश काय ते मला माहीत नाही, प्रश्न साधा आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली तर दहावीला ७ गुण मिळतात, बी ला ५, सी ला ३. भिंतीचे किती? रोज दोन तास उन्हात उभा राहणार, आणि फोटो निघताना पुढे कोण उभं राहणार ते आपण सगळ्यांनी बघितलेलं आहे.

भो नं मत
ताई, तुम्हनं बरोबर शे. फोटोमा पोरे मांगे, नेता पुढे.

काळी माती
मी विरोधात लिहितो, कारण इथे सगळे वाळूच्या ट्रॅक्टरवरून अलगद उडी मारून पुढे चाललेत.

गावात कोणाचे ट्रॅक्टर रात्री पात्रात उतरतात हे लहान पोरालाही माहीत आहे. तुम्ही तो ट्रॅक्टर एसटी स्टँडसमोर काढणार आणि खाली पोरांची नावं लिहिणार. परवा भिंतीवर चुना फासला गेला तर काही नाही, भिंतच आहे. पण पोराच्या बापाला कोणी बोलावून घेतलं तर? तेव्हा @गिरणाकाठचा यांचं 'विषय त्यांचा' हे वाक्य त्या घरी जाऊन कोण म्हणणार? मोठ्यांनी बहिणाबाई आणि शिरीषकुमार घेतले ते कल्पनाशक्ती नाही म्हणून नव्हे. त्या चित्रांवर कोणी चिडत नाही म्हणून घेतले. याला भित्रेपणा म्हणा. माझ्या मते ती जबाबदारी आहे.

गिरणाकाठचा
भीती खरी आहे, नाकारत नाही. पण ट्रॅक्टरच्या भीतीनं कापसाचा ट्रक का गेला? सुरतची गाडी का गेली? गुलाबाईच्या पोरींवर कोण चिडणार होतं? एक विषय अडचणीचा होता म्हणून चारही पुसले. आणि ट्रॅक्टरचंच म्हणाल तर नंबर प्लेट काढायची नाही, झालं.

नववी ब
काका, त्या ट्रॅक्टरला नंबर नसतोच.

मी त्या पोरांमधली आहे. सगळे आमच्याबद्दल बोलतायत म्हणून लिहिते. रंग भरायला आम्हाला लाज वाटत नाही. बहिणाबाई नको असंही कोणी म्हटलं नव्हतं. आमच्या पुस्तकात त्यांची कविता आहे, आणि आसोदं इथून लांब नाही. पण चित्रात त्या नेहमी जात्यापाशी नाहीतर चुलीपाशीच बसलेल्या असतात. मी म्हटलं होतं की त्यांना कापसाच्या शेतात उभं दाखवू या, ओटीत कापूस, मागे तो कललेला ट्रक. बैठकीत एक सर म्हणाले, ट्रकने चित्राची शोभा जाते. मुद्दा एवढाच होता. ट्रॅक्टर आम्ही गंमत म्हणून सांगितला होता, तोच सगळ्यांच्या लक्षात राहिला.

सातपुड्याचा वारा
@नववी ब, ओटीत कापूस आणि मागे ट्रक. हे आधी कोणी का नाही सांगितलं?

बाहेरचं एक उदाहरण देतो. लॉस एंजेलिसमध्ये पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या सिमेंटच्या कालव्याच्या भिंतीवर ज्यूडी बाका या चित्रकर्तीनं १९७६ मध्ये काम सुरू केलं. पुढच्या काही उन्हाळ्यांत चारशेहून जास्त किशोरवयीन मुलं-मुली त्यात राबली. बरीच मुलं पोलिसांच्या लफड्यांतून आलेली. चित्र २,७५४ फूट लांब झालं, आणि विषय कोणते? त्या शहरानं पुस्तकांत न लिहिलेली माणसं. मूळ रहिवासी, स्थलांतरित, हाकलून दिलेले. चिडणारे तिथेही असतीलच. मुलांना कामाचे पैसेही मिळाले.

दोन नंबर प्लॅटफॉर्म
बरोबर, पण अर्धंच सांगितलंत. आराखडा तिथेही बाका आणि त्यांच्या सोबतच्या चित्रकारांनीच केला. इतिहास जाणणाऱ्यांना विचारलं, लोकांशी बोलले, मग रेखाटनं झाली, आणि मुलं टोळ्याटोळ्यांनी रंगवायला. म्हणजे आउटलाइन मोठ्यांचीच. फरक असेल तर मधल्या टप्प्यात. आधी ऐकून घेतलं, मग आखलं. आपल्याकडे ऐकून घेतलं आणि कागद बदलला.

आणि हो, पैशांबद्दल इथे अजून एकानेही आकडा काढलेला नाही.

ब्रश-बादली
पैशांचं मी सांगतो. आम्हा दोघांना 'गावासाठी करा' म्हणून सांगितलंय, चहा-नाश्ता मिळेल. रंगाचे डबे एका दुकानदाराने दिले, त्याच्या दुकानाचं नाव कोपऱ्यात मोठ्या अक्षरात यायचंय. म्हणजे पोरं फुकट, पेंटर फुकट, आणि जाहिरात कायमची. बिनपगारी मजुरीबद्दल बोलायचंच तर त्यात आम्हालाही धरा.

त्या पोरीची कल्पना मात्र बसते. वारलीच्या जागी ट्रक आणि बहिणाबाई घेता येतील. पांढरा कापूस असल्यामुळे उन्हात रंग उडाल्याची फार चिंता नाही, ट्रकचा लाल मी रेड ऑक्साईडमध्ये घेईन. तिनं वहीत काढून आणावं, चौकटी मी आखतो. शिरीषकुमार राहील, त्याला हात लावायचा नाही. सुरतची गाडी लांबीला परवडत नाही. ट्रॅक्टर मी काढणार नाही. मला याच गावात राहायचंय.

गिरणाकाठचा
म्हणजे शेवटी ठरवणार तुम्हीच.

ब्रश-बादली
अर्धं मी, अर्धं ती. बैठकीत तिला एवढंही मिळालं नव्हतं.

दहावीची आई
आणि नावं? कापसाच्या ट्रकखाली दुकानाचं नाव मोठं आणि पोरांची बारीक, असं नको. तेवढं आधी लिहून घ्या, मग प्रायमर मारा.