परत केलेली वस्तूही चोरीचीच का मानावी?

धागाकर्ता: नेलेली वस्तू जशीच्या तशी परत केली, तरी भारतीय कायदा त्या माणसाला चोर ठरवू शकतो, हे मला अन्यायाचे वाटते. इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यात मालकाला वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा हेतू ही चोरीची अट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये (पूर्वीच्या दंड संहितेत ते कलम ३७८ होते) तशी अट नाही. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने नेण्यासाठी जागेवरून हलवली की गुन्हा पूर्ण होतो. चोर हा शिक्का एकदा बसला की पुसला जात नाही, म्हणून व्याख्या अरुंदच हवी.

प्रतिसाद १: मी असहमत आहे. प्यारेलाल भार्गव खटल्यात सरकारी कचेरीतली फाइल एका कर्मचाऱ्याने बाहेर नेऊन मित्राच्या हाती दिली, त्याने आतले कागद बदलले आणि दुसऱ्या दिवशी फाइल पुन्हा जागेवर आली. तुमच्या अरुंद व्याख्येप्रमाणे तिथे काहीच चोरीला गेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये मात्र तात्पुरते नेणे हीसुद्धा चोरीच ठरवली आणि ते योग्यच होते. मुळात हा गुन्हा मालकीविरुद्ध नसून ताब्याविरुद्ध आहे. दुरुस्तीचे पैसे थकल्यामुळे घड्याळजीने कायदेशीरपणे अडवून ठेवलेले स्वतःचेच घड्याळ, त्याचे तारण बुडवण्याच्या हेतूने गुपचूप उचलणारा मालकही चोरी करतो, असे उदाहरण कलमातच दिलेले आहे.

धागाकर्ता: फाइलचे उदाहरण बिनतोड आहे, ते मी मान्य करतो. पण मित्राच्या गैरहजेरीत त्याच्या कपाटातले पुस्तक वाचायला नेणाऱ्याचे काय?

प्रतिसाद १: तेही उदाहरण कलमात आहे. मित्राची मूक संमती आहे असे त्याला खरोखर वाटत असेल, तर ती चोरी नव्हे. ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द नेमके हेच काम करतो, कारण त्यासाठी कोणाचा तरी गैरलाभ किंवा गैरहानी करण्याचा हेतू असावा लागतो.

प्रतिसाद २: मला धागाकर्त्याची काळजी रास्त वाटते. हेतू मनात असतो आणि तो न्यायालयात सिद्ध होईपर्यंत आरोपीची वर्षे जातात. वस्तू आपणहून परत केल्याचा विचार शिक्षेच्या वेळी होतो खरा, पण तोवर गावाने त्याला चोर म्हणून घेतलेले असते.