फंडाच्या जाहिरातीत मागचा परतावा दाखवायलाच बंदी हवी?

तळटीप_वाचक
काल एका फंडाचं माहितीपत्रक हातात पडलं. पहिल्याच पानावर दहा वर्षांचा चढता आलेख. सुरुवातीची तारीख पाहिली, तर बाजाराने तळ गाठला होता नेमका तोच महिना. तिथून मोजलं तर कोणाचाही आलेख चढताच दिसणार! खाली मुंगीच्या अक्षरात 'मागील कामगिरी ही भविष्यातील परताव्याची हमी नाही'. हमी नाही, तर पानभर मिरवता कशाला? माझं मत स्पष्ट आहे: नव्या ग्राहकापुढे परतावा ठेवूच नका. खर्च किती, जोखीम काय, पैसे कधी काढता येतील, एवढं सांगा.

पोटापाण्याचा_विक्रेता
आधीच सांगतो, मी फंड विकतो. परतावा काढला तर पत्रकात उरेल काय? सूटबूट घातलेला फंड मॅनेजर आणि मागे सूर्योदय. आकडा निदान तपासता तरी येतो, 'विश्वासाचं नातं' कसं तपासणार? अमेरिकेत एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाने, गुंतवणूक सल्लागारांना परतावा दाखवायला बंदी घातली नाही, मोजपट्टी दिली. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेला नियम ४ नोव्हेंबर २०२२ पासून बंधनकारक आहे. फी कापण्याआधीचा परतावा दाखवलात, तर फी कापल्यानंतरचाही तितकाच ठळक दाखवायचा. शिवाय १, ५ आणि १० वर्षांचे आकडे द्यायचे (प्रायव्हेट फंड, म्हणजे आम जनतेला न विकले जाणारे खासगी फंड, सोडून). सोयीचा महिना निवडायची पळवाट बंद.

तळटीप_वाचक
तो कंस फार हळूच सरकवलात हो! आणि याच नियमाने १९६१ पासून बंद असलेलं ग्राहकांच्या प्रशस्तिपत्रांचं दारही उघडलं. पैसे घेऊन बोलतोय का ते सांगावं लागतं, मान्य. पण ज्याचे पैसे बुडाले त्याला कॅमेऱ्यासमोर कोण बसवतं?

गणू_गणिती
मोजपट्टीवर फार विसंबू नका. शंभर गुंतवले, पहिल्या वर्षी ५० टक्के घट, दुसऱ्या वर्षी ५० टक्के वाढ. साधी सरासरी शून्य, म्हणजे 'नुकसान नाही'. खिशात मात्र ७५. फीचंही तेच: वर्षाला ८ टक्क्यांनी वीस वर्षांत शंभराचे साधारण ४६६ होतात, ६ टक्क्यांनी ३२१. 'फक्त दोन टक्के' म्हणणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी लिहायला लावा. आणखी एक जुनी युक्ती: गुपचूप पाच छोटे फंड चालवायचे, चार बंद करायचे, जिंकलेल्या एकाचीच जाहिरात करायची.

पोटापाण्याचा_विक्रेता
गणूभाऊंचं गणित पटलं. पण बंदी घातली की बोलणं थांबत नाही, कानात होतं. युरोपात 'ग्राहक आपणहून आला, आम्ही काही विकलंच नाही' हा बहाणा इतका चालायचा, की २ ऑगस्ट २०२१ पासून नियम बदलला. आता पर्यायी गुंतवणुकीच्या फंडाची (हेज फंड, प्रायव्हेट इक्विटी वगैरे) पूर्वचाचपणी केली, म्हणजे रीतसर विक्रीआधी कोणाला रस आहे ते पाहिलं, आणि ती सुरू झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत कोणत्याही व्यावसायिक गुंतवणूकदाराने त्यात पैसे घातले, तर ते विपणनातूनच आले असं धरतात. कागदावरचं खोटं पकडता येतं, चहाच्या टेबलावरचं नाही.

तळटीप_वाचक
बरं, बंदीचा हट्ट सोडतो. पण सर्वांत वाईट वर्षाचा आकडाही सर्वांत चांगल्या वर्षाएवढ्याच टायपात हवा.

पोटापाण्याचा_विक्रेता
आमच्या पत्रकात आहे की. सातव्या पानावर.

तळटीप_वाचक
पहिल्या पानावर छापून पाठवा, मग बोलू.