पहिल्या झेरॉक्सला गंधक का वापरलं?

प्रश्न: २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या ॲस्टोरियात चेस्टर कार्लसन आणि ऑटो कोर्नेई यांनी पहिली कोरडी प्रत काढली. जस्ताच्या पत्र्यावर गंधकच का?

उत्तर १: गंधक अंधारात विद्युतभार धरून ठेवतं, उजेडात सोडतं. रुमालाने घासून पत्रा भारित केला, अक्षरं लिहिलेली काचपट्टी वर ठेवून प्रखर दिवा लावला. उजेड पडला तिथला भार जस्तात गेला, अक्षरांखालचा टिकला. तिथे लायकोपोडियमची (शेवाळासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची) भुकटी चिकटली. ती मेणकागदावर उतरवून मेण तापवलं. फार सुंदर प्रयोग!

उत्तर २: पण गंधक उजेडाला मंद प्रतिसाद देतं. अमेरिकेतल्या बॅटेल संशोधन संस्थेत सेलेनियम हे मूलद्रव्य कितीतरी संवेदनशील ठरलं. १९५९ च्या झेरॉक्स ९१४ या प्रती काढायच्या यंत्रात तेच ड्रमवर, आणि घासण्याऐवजी कोरोना तार (उच्च दाबाच्या विजेने भार देणारी).

उत्तर ३: ९१४ च्या तापकात (भुकटी तापवून कागदावर पक्की करणाऱ्या भागात) कागद अडकला तर करपायचा, पेटायचाही. म्हणून सोबत अग्निशामक द्यावा लागे.