महिला गटाच्या बैठकीला गरोदर बायकाच येत नाहीत, काय करू?

नमस्कार मंडळी,

आठ महिने एक महिला गट चालवतेय. महिन्यातून एक बैठक, विषय बाळंतपण आणि नवजात बाळ. भाषण द्यायचं नाही. अडचणी बायकांनीच मांडायच्या, त्यातल्या दोन-तीन निवडून उपायही त्यांनीच ठरवायचे. नेपाळमधल्या मकवानपूरला हेच केलं होतं. २००४ साली निकाल आले तेव्हा गट असलेल्या भागात नवजात मृत्यूदर ३० टक्क्यांनी कमी होता.

हजेरीला तोटा नाही, वीस-बावीस जणी जमतात. पण त्यात गरोदर एखादीच. बाकी सासवा, नाहीतर ज्यांची पोरं कॉलेजात गेलीत अशा.

सासवा नकोत असं मुळीच नाही. परवा चित्रांची कार्डं जमिनीवर मांडली होती. एका आजींनी जन्मल्याबरोबर अंघोळ घालतानाचं कार्ड उचलून 'बरोबर'च्या ढिगात टाकलं. शेजारचीने हळूच काढून 'चूक'मध्ये ठेवलं, आजींनी परत उचललं. मग अर्धा तास नुसती जुंपली! बाळ गार पडतं, पहिले २४ तास तरी थांबावं, हे शेवटी दुसऱ्या सासूबाईंनीच पटवलं. माझ्या तोंडून ऐकलं नसतं कुणी.

पण जिला पुढच्या महिन्यात कळा येणार, ती घरीच. अशा गटांवर झालेल्या सात अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१३ साली आलं. जिथे निदान ३० टक्के गरोदर स्त्रिया गटात होत्या, तिथे नवजात मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले होते. आमचं प्रमाण त्याच्या आसपासही नाही.

वेळ बदलून पाहिली, फरक शून्य. तिसरा-चौथा महिना लागेपर्यंत कुणी सांगतच नाही, मग बोलावू कुणाला? कुणी यातून मार्ग काढलाय का?

प्रतिसाद १
ताई, एका गटामागे लोकसंख्या किती? बांगलादेशात पहिल्यांदा साधारण १४०० लोकांमागे एक गट होता, काही फरक पडला नाही. मग साधारण ३०० मागे एक केला आणि नवजात मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. वेळेचं सोडा, गट वाढवा. आणि बातमी फुटायची वाट कशाला बघता? नव्या सुना सरसकट बोलवा. 'गरोदर असाल तर या' म्हटलं की कोण येईल?

धागाकर्ती
एका गटामागे हजाराच्या वर! हे लक्षातच आलं नव्हतं. सरसकट बोलावणं जमेल. पण आणखी दोन गट काढायचे तर चालवणारी मी एकटीच. गटातल्याच कुणाला तयार केलंय का कुणी? शिकवायला किती दिवस लागले, आणि लिहिता-वाचता न येणारीला जमलं का, तेवढं सांगा. त्या कार्डवाल्या आजी माझ्या डोळ्यासमोर आहेत.